लशीचं बिल आणि नात्याचा रकाना

नया बाजार, लश्कर, ग्वाल्हेर
१२ सप्टेंबर २०२४

चि. प्रांजलीस,

मामाचे आशीर्वाद. ते फोनवर न देता कागदावर देतोय म्हणून रागावू नकोस. परवा तुझा फोन आला तेव्हा मी पेशंट बघतोय असं मामीने सांगितलं. पेशंट वगैरे कोणी नव्हतं. पण तू इतकी भराभर बोलतेस की तुझ्या पुण्याच्या ऑफिसातली ती सगळी कलमं माझ्या डोक्यावरून जातात. कागदावर माणूस सावकाश बोलतो. तेव्हा या कामापुरतं तरी आपण पत्रानेच बोलू.

काम असं आहे. इथे थंडी पडून धुकं उतरलं की दवाखान्यात खोकल्यांची जत्रा भरते, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. म्हातारी माणसं फ्लूने आडवी होतात आणि त्यातल्या काहींची छाती भरते. त्यावर लस आहे, दरवर्षी नवी येते, मोठ्या माणसांना देता येते. पण आणायची कोणी? लहान मुलांच्या लशी सरकार देतं. ही मात्र आमच्यासारख्या खाजगी डॉक्टरांनी पदरमोड करून आणायची. जयेंद्रगंजातला औषधांचा व्यापारी म्हणतो, अख्खं खोकं घ्या आणि आधी रोख द्या. उरलेली परत घेत नाही, आणि हंगाम सरला की ती जुनी झाली. मागच्या वर्षी मी निम्म्याहून जास्त फेकून दिली. पेशंटला समजवावं तर तो म्हणतो, "डाक्टर साहब, पहले बुखार तो आने दो." धडधाकट माणसाकडे सुईचे पैसे मागायला माझी जीभ रेटत नाही, हेही खरं.

यंदा कळलंय की तुझ्या बाबांच्या मालनपूरच्या कारखान्यातल्या निवृत्त लोकांची जी आरोग्य योजना आहे, ती साठीपुढच्यांच्या या लशीचे पैसे देणार, खाजगी दवाखान्यात घेतली तरीही. आणि बिलं तपासायला तुमच्या ऑफिसात येणार. माझे अर्धे म्हातारे त्याच कारखान्यातले आहेत. मला हे करायचंच आहे, प्रांजली. सगळे म्हणतात आता दवाखाना बंद करा. हे जमलं तर अजून काही वर्षं खुर्चीवर बसेन, नाही जमलं तर कुलूप लावून किल्ली मामीच्या हातात देईन. असं का, ते विचारू नकोस.

फक्त बिल कसं करतात ते सांग. मी जन्मात कोणाला बिल दिलेलं नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर स्टीलची ताटली आहे, ज्याला जे सुचेल ते तो ठेवतो. काहीजण नुसतं तीळ-गुळाचं गजक ठेवून जातात आणि मी तेही मुकाट्याने खातो.

तुझा,
दिनकरमामा


पुणे
२१ सप्टेंबर २०२४

मामा,

वाकून नमस्कार. मी भराभर बोलते हे मान्य, पण आमच्या ऑफिसात यापेक्षा हळू बोललं तर लोक दुसऱ्याच फाइलीला लागतात. असो, तुमचं पत्र डब्याच्या वेळी सगळ्यांना दाखवलं. इथल्या पोरांनी शाईचं पत्र पहिल्यांदाच पाहिलं म्हणे.

आता नीट वाचा, हं. एकट्याने खोकं घेऊ नका. हरिशंकरपुरममध्ये आईच्या गल्लीत डॉक्टर गरिमा म्हणून एक नवीन मुलगी बसते, तिलाही लस हवी आहे आणि तिलाही अख्खं खोकं परवडत नाही. दोघं मिळून घ्या. व्यापाऱ्याशी आधीच बोलून ठेवा की दोन डॉक्टर आहोत, दुसरं खोकंही तुमच्याकडूनच घेऊ, म्हणजे थोडा नरमेल. आणि आणण्यापूर्वी कोणाकोणाला घ्यायची आहे ते विचारून ठेवा. मग फेकायची वेळ येणार नाही.

बिलात दोन ओळी करायच्या. लशीची किंमत वेगळी आणि टोचण्याचा आकार वेगळा. तुम्ही आता "टोचायचे कसले पैसे" म्हणणार, मला माहीत आहे. मामा, फ्रिज, वीज, कापूस, तुमचा वेळ, हे सगळं त्याच ओळीत येतं. ती ओळ रिकामी सोडली तर दर लशीमागे तुम्हालाच खड्डा पडेल आणि पुढच्या वर्षी तुम्ही आणणार नाही. योजना हे पैसे देते, पेशंटच्या खिशातून जात नाहीत. तेव्हा लाजू नका.

प्रत्येक पेशंटचा एक अर्ज भरायचा. त्यात लशीच्या कुपीवरचा नंबर, तारीख, सही आणि दोन-चार साधे प्रश्न असतात. जे खरं असेल ते लिहा. आणि तुमच्या दवाखान्याची बिलं माझ्या टेबलावर येणार नाहीत. तुम्ही माझे मामा आहात हे मी साहेबांना सांगून टाकलं, त्यामुळे ती बिलं आमच्याकडचा उत्कर्ष म्हणून एकजण आहे, तो बघेल.

आईचंही नाव त्या योजनेत आहे, बाबांमुळे. तिला मी तुमच्याकडे लस घ्यायला पाठवते आहे. ती यायला तयार नव्हती. का, ते तुम्हीच तिला विचारलंत तर बरं.

प्रांजली


नया बाजार, ग्वाल्हेर
१९ ऑक्टोबर २०२४

चि. प्रांजलीस,

तुझ्या मामाने बिलं केली! मामी म्हणते, हे वाक्य फ्रेम करून लावा.

गरिमा मोठी हुशार पोर आहे. व्यापाऱ्याशी बोलायला तिलाच पुढे केलं. मी नुसता मागे पांढऱ्या केसांसकट उभा राहिलो. त्याने भाव थोडा सोडला आणि दुसरं खोकं राखून ठेवायचंही कबूल केलं. दवाखान्याच्या फ्रिजवर माझा भरवसा नाही, लाइट गेली की तो घामाघूम होतो. म्हणून लस दौलतसिंहच्या मेडिकलमध्ये ठेवली, त्याच्याकडे मोठा इन्व्हर्टर आहे. दौलतसिंहने फ्रिजमधल्या थंड बाटल्या बाहेर काढून जागा केली आणि वर दमही दिला, "साहब, गर्मी में ये एहसान मत माँगना."

मग चार दिवस सकाळी तेवढंच काम केलं. माणसं आली, बाही वर केली, सुई टोचून झाली की बाकावर जरा वेळ बसून गप्पा मारून गेली. फार वर्षांनी इतकं हलकं वाटलं बघ. या कामाला नुसती नजर आणि स्थिर हात लागतो. हात माझा अजून स्थिर आहे. माझ्या वडिलांचे दोस्त तात्यासाहेब तर म्हणाले, सुई टोचलीस की नुसतीच दाखवलीस?

लीलाही आली होती, तुझी आई. रांगेत बसली. मी म्हटलं आत ये, तर आली नाही, आपला नंबर आल्यावरच उठली. लस दिल्यावर विचारलं, दुखलं का? काहीतरी म्हणाली. मी हसून मान डोलावली. मग पदर सावरून निघून गेली, चहालाही थांबली नाही. मामी वर तिची वाट बघत होती. तिचं काही बिनसलंय का?

सगळे अर्ज मी स्वतः बसून भरले आणि पाठवले. टोचण्याचा आकारही लावला, तुझ्या धाकाने. एकाही प्रश्नाचं उत्तर खोटं दिलेलं नाही. पैसे आले की दुसरं खोकं आणायचं आहे, धुकं पडायच्या आत. बरीच माणसं नाव देऊन वाट बघतायत.

दिनकरमामा


पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

मामा,

नमस्कार. गरिमाची सगळी बिलं पास झाली. तुमची सगळी परत आली आहेत. सगळी म्हणजे सगळी.

उत्कर्ष तुमचे अर्ज घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुझ्या मामांनी अख्ख्या ग्वाल्हेरशी सोयरीक केलीय का गं?" अर्जात प्रश्न आहे, 'लाभार्थी हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नातेवाईक आहेत का? असल्यास नाते लिहावे.' आणि तुम्ही प्रत्येकापुढे 'हो' लिहिलंत! मैनाआत्यांपुढे 'आत्या'. तात्यासाहेबांपुढे 'वडीलधारे'. दौलतसिंहच्या वडिलांपुढे 'माझ्या पत्नीच्या राखीच्या भावाचे वडील'. कोणा यादवबाईंपुढे 'यांच्या मुलीच्या लग्नात मी मामा म्हणून उभा होतो'. आणि दिग्विजयसिंह म्हणून जे आहेत त्यांच्यापुढे नुसतंच 'शेजारी'. मामा, शेजारी हे नातं कधीपासून झालं?

डॉक्टरने आपल्याच घरच्यांची बिलं लावून पैसे उचलू नयेत म्हणून तो प्रश्न असतो. नियमात नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आईवडील, मुलं आणि सख्खी भावंडं. बस. बाकी सगळे परके. दुरुस्त करून पुन्हा पाठवा, सगळीकडे 'नाही' लिहा, पैसे येतील. एकाच अर्जावर तुमचा 'हो' बरोबर आहे, तो आईचा. तिथे तुम्ही 'सख्खी धाकटी बहीण' असं लिहिलंय, अक्षरही बाकीच्यांपेक्षा मोठं काढलंय.

ते वाचून मला हसू नाही आलं. मी हे लिहिणार नव्हते, पण आता लिहिते. सख्खी बहीण, तर मग बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी तुम्ही असं का केलंत? पाहुणे निघून गेल्यावर तिने तुम्हाला फोन केला होता. मी पुण्याला परतणाऱ्या गाडीत बसले होते. ती म्हणाली, दादा, घर खायला उठतं रे, मला फार एकटं वाटतं. आणि तुम्ही काय म्हणालात आठवतं? "वा वा, छान छान! असंच राहा." आणि फोन ठेवलात. तिने ते मला सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती, तेच मला जास्त लागलं. त्यानंतर जयेंद्रगंजात एका लग्नात तिने तुम्हाला मागून हाका मारल्या, तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. परवा दवाखान्यात तुम्ही दुखलं का विचारलंत, तर ती म्हणाली, "तुला खरंच ऐकायचंय का?" आणि तुम्ही हसलात.

गावभरच्या लोकांना नातेवाईक म्हणून लिहिता आणि जी आहे तिला हे. मला समजत नाही, मामा.

प्रांजली


नया बाजार, ग्वाल्हेर
२ डिसेंबर २०२४

प्रांजली,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज कागद घेऊन बसत होतो.

मला ऐकू येत नाही.

हे मी मामीशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. अगदीच ठार बहिरा नाही. पुरुषांचे जाड आवाज समोरून बोलले तर कळतात, ओठ दिसले तर अजून बरे कळतात. बारीक आवाज आधी जातात, म्हातारपणी कानांचं असंच होतं. आणि तुझ्या आईचा आवाज केवढासा आहे तुला माहीत आहे. लहानपणी आई म्हणायची, ही पोरगी दुसऱ्या खोलीतून बोलते. फोनवर तर तिचं मला काहीच येत नाही, नुसता वारा आल्यासारखं वाटतं. मी अंदाज घेतो. माणूस बोलायचा थांबला की 'वा वा' म्हणतो, बहुतेक वेळा ते चालून जातं. त्या दिवशी मला वाटलं, सगळं नीट पार पडलं असं ती सांगतेय.

असंच राहा म्हणालो मी तिला. असंच राहा! देवा रे.

आता लशीचं सांगतो, म्हणजे माझा हट्ट तुला कळेल. न्यूमोनिया सुरू होतो तेव्हा छातीत एक बारीक आवाज येतो, कानाजवळ केसांची बट चोळली की येतो तसा. आयुष्यभर मी तो आवाज ऐकून माणसं वेळेवर पुढे पाठवली. दोन हिवाळ्यांपासून तो मला येत नाही. नळी छातीला लावतो आणि आत शांत असतं. पेशंट तोंडाकडे बघत असतो. मी सगळ्यांना एक्स-रे काढायला सांगतो, लोकांना वाटतं डॉक्टर हल्ली फार काळजी घेतात. पण ज्याला छाती ऐकू येत नाही त्याने डॉक्टर म्हणून बसायचं कशाला? मग वाटलं, आजार छातीत उतरायच्या आधीच अडवला तर? लस द्यायला कान लागत नाहीत. तेवढं एक काम मला अजून पूर्वीइतकंच चांगलं येतं. म्हणून ते पैसे परत यायला हवेत, दुसरं खोकं यायला हवं. नाहीतर खरंच कुलूप.

आणि तू म्हणतेस सगळ्यांपुढे 'नाही' लिहा. मैनाआत्या माझ्या बारशाला होत्या. त्यांच्यापुढे 'नातेवाईक नाही' असं लिहून खाली मी सही करायची? नियम मला कळला, पोरी. हात उचलत नाही.

लीलाला सांगू नकोस. वैद्याच्या बहिणीला भावाचं दुखणं भाचीकडून कळू नये. मी सांगेन. कसं सांगायचं ते सुचत नाहीये.

तुझा मामा


पुणे
८ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,

मी तुमचं पत्र ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच बसले. तुम्ही फोन का घेत नाही हे मला कळायला हवं होतं. मला वाटलं, लश्करच्या सरदारी थाटात पत्रं लिहायची हौस आली असेल. मला माफ करा. मागच्या पत्रातली भाषा मी परत घेते.

आईला काही सांगणार नाही. तुमचं बरोबर आहे, ते तुमच्या तोंडूनच जायला हवं. पण लवकर जा. ती बोलत नाही, पण रोज फोनवर हमखास विचारते, दादाच्या बिलांचं काय झालं गं.

'नाही' लिहिण्याबद्दल. मामा, मीसुद्धा ऑफिसात लिहून दिलंय की मी तुमची भाची आहे, म्हणून तुमच्या फाइलीला हात लावणार नाही. तेव्हा मलाही वाटलं होतं, अरे, नातं आहे म्हणून मदत करता येत नाही, हा काय उलटा कारभार! मग कळलं, तो रकाना आपल्याला काय वाटतं ते विचारतच नाही. त्याला फक्त पैसे कोणाच्या घरात जातात तेवढं बघायचं असतं. तुम्ही 'नाही' लिहिल्याने मैनाआत्या तुमच्या बारशाला आल्या नव्हत्या असं होत नाही. फार जड जात असेल तर आधी त्यांना विचारून मग लिहा.

आणि दवाखान्यात एक पाटी लावा, डॉक्टरांना कमी ऐकू येतं म्हणून. लोक येणार नाहीत असं वाटतं ना? लावून तर बघा. कानाचं यंत्र आणि आवाज मोठा करणारी नळी, दोन्ही मिळतात हल्ली. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला मी काय सांगायचं.

तुमची खूप आठवण येते.

प्रांजली


नया बाजार, ग्वाल्हेर
८ जानेवारी २०२५

चि. प्रांजलीस,

धुकं इतकं आहे की समोरचं दौलतसिंहचं दुकान दिसत नाही, नुसता त्याचा दिवा दिसतो. पण दुसरं खोकं आलं, संपलंसुद्धा. आता सविस्तर ऐक.

तू म्हणालीस तसं मी प्रत्येकाला विचारायला निघालो. घरोघर. मामी म्हणाली, निवडणुकीला उभे राहिलात का? मैनाआत्यांपुढे बसलो आणि म्हटलं, आत्या, कागदावर तुम्हाला परकं लिहावं लागतंय, राग मानू नका. त्या म्हणाल्या, "लिही रे बाबा. सुई काय परकी दिलीस? आणि जाताना हा दुधी घेऊन जा, तुझ्या पद्माला सांग कोफ्ते कर म्हणून." दिग्विजयसिंह म्हणाले, "काग़ज़ का क्या है डाक्टर साहब, राशन कार्ड में तो हमारा नाम ही ग़लत छपा है." यादवबाईंनी मला उलट समजावलं की लग्नातला मामा वेगळा आणि दफ्तरातला वेगळा. तात्यासाहेब मात्र बिथरले. म्हणाले, तुझ्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून जेवलोय, मी परका? त्यांनी 'नाही' लिहू दिलंच नाही. लशीचे पैसे काढून ताटलीत ठेवले आणि वर मलाच झापलं. ठीक आहे. एक अर्ज कमी झाला.

बाकीचे पैसे आले. उत्कर्षला माझे आशीर्वाद सांग.

आणि पाटी लावली. 'डॉक्टरांना कमी ऐकू येते, कृपया समोर बसून मोठ्याने बोलावे', मराठीत आणि हिंदीत. लावली आणि आत येऊन बसलो, प्रांजली. म्हटलं, आज कोणी येत नाही. तर नेहमीसारखी माणसं आली. कोणी पाटीकडे बघेना. शेवटी मीच दौलतसिंहला विचारलं, पाटी वाचली का? तो हसायला लागला. "साहब, ये तो पूरे मोहल्ले को पता है. हम लोग दो साल से चिल्ला-चिल्ला के ही तो बोल रहे हैं." मला वाटायचं, नया बाजारातली माणसं हल्ली उगाच ओरडून बोलतात!

सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना ज्यांना मी कागदावर परकं केलं, त्या सगळ्यांना. ठाऊक नव्हतं ते एकटीला, जिच्यापुढे 'हो' लिहिलं तिला. कारण तिच्यासमोर मी सगळ्यात जास्त लपवत होतो. लहानपणी तिला शाळेत सोडायला मी जायचो. आपला दादा आता रस्त्यातली हाक ऐकू शकत नाही, हे तिला कळू नये असं वाटायचं.

तिचं तेवढं एक बिल नामंजूर झालं आहे. तसं पत्र योजनेकडून तिच्या घरी जाईल, असं गरिमा म्हणाली. ते जायच्या आत मी जातो. उद्या गुरुवार आहे, दवाखाना संध्याकाळी बंद असतो. मला भीती वाटतेय, हे तुलाच सांगतो. ती काही बोलली आणि मला ते पुन्हा ऐकू आलं नाही, तर?

दिनकरमामा


हरिशंकरपुरम, ग्वाल्हेर
१२ जानेवारी २०२५

प्रांजूस,

आईचे आशीर्वाद. तू आणि तुझा मामा चार महिने पत्रं लिहीत होतात आणि मला एका शब्दाने कळू दिलं नाहीत. त्याचा राग मी तू इथे आलीस की काढीन. शाळेत पोरांचे कान पिळून माझी बोटं तयार आहेत.

योजनेचं पत्र बुधवारीच आलं होतं. 'लाभार्थी या उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सख्ख्या भगिनी असल्याने दावा नामंजूर.' मी ते दोनदा वाचलं. मनात म्हटलं, बघा, एवढ्या लांब पुण्याच्या लोकांना कळलं, फक्त ज्याला कळायला हवं त्याला कळत नाही. मग रागाने कपाटात टाकून दिलं.

गुरुवारी संध्याकाळी दादा आला. एवढ्या धुक्यात, गळ्यात मफलर गुंडाळून, हातात पेरूंची पिशवी. मी दार उघडलं, पण आत ये म्हटलं नाही. तो दारातच उभा राहिला आणि एका दमात बोलला, पाठ करून आल्यासारखा. "लीला, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. तुझा आवाज तर अजिबात येत नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी तू फोनवर जे म्हणालीस ते मला प्रांजलीकडून कळलं. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. पुन्हा सांग. मोठ्याने सांग."

एका क्षणात सगळं उलगडलं, ते 'छान छान', ते लग्नातलं, ती दवाखान्यातली मान. वर्षभर मी या माणसावर रुसले होते आणि हा बिचारा नुसता हसून वेळ मारून नेत होता. मला इतकं भरून आलं की काय सांगू.

आणि त्याने तर कान पुढे केला होता.

मी तोंड त्याच्या कानाशी नेलं. पण प्रांजू, ते वाक्य मोठ्याने म्हणताच येत नाही गं. मी प्रयत्न केला. समोरच्या गुप्ताभाभी दारात मटार सोलत बसल्या होत्या, जिन्यात त्यांची सून उभी. 'मला एकटं वाटतं' हे काय ओरडून सांगायचं असतं? ते हळूच म्हणायचं असतं, आणि हळू म्हटलेलं त्याला येणार नाही. तो डोळे मिटून वाट बघतोय. त्याच्या कानावरचे केस पार पांढरे झालेत, हे मी इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं.

मग माझ्या तोंडून जे निघालं ते असं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या जोरात: "दादा, जेवून जा!"

त्याला ऐकू आलं. पहिल्याच खेपेला. डोळे उघडले आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मीही रडले. गुप्ताभाभी मटार टाकून धावत आल्या, "क्या हुआ, दीदी?" त्यांना म्हटलं, "कुछ नहीं, भैया आए हैं."

घरात तसं काहीच नव्हतं. एकटीसाठी मी हल्ली खिचडी लावते नाहीतर दूध-पोळी खाते, तुला सांगत नाही एवढंच. त्या दिवशी कणीक भिजवली, गुप्ताभाभींचे मटार मागून आणले, पद्मावहिनीलाही फोन करून बोलावून घेतलं. दादा पाटावर बसून एकामागून एक पोळ्या खात होता आणि आम्ही दोघी ओरडून बोलत होतो. घसा बसलाय माझा. गरिमा डॉक्टर खालून जाताना घाबरून वर आली की भांडण चाललंय की काय, मग तीही जेवून गेली.

आता तो दर गुरुवारी येणार आहे. दवाखान्यातले बिलांचे अर्जही मीच भरणार, त्याच्यावर सोडले तर पुढच्या वर्षी तो पुन्हा सगळ्यांना सोयरे करून ठेवील.

तू मात्र गुरुवारी संध्याकाळी फोन करू नकोस. आम्ही जेवत असतो.

आई